पुढच्या रांगेतले जावईबापू

जावयाला मयतीतून हाकलायला कुठलं कलम लागतं, हे फौजदार शरणबसप्पाला कुणी शिकवलं नव्हतं. मोर्चेवाले, मटकेवाले, बांधावरून एकमेकांची डोकी फोडणारे सख्खे भाऊ, सगळ्यांसाठी त्याच्याकडं कलमं होती. पण आज भाऊंच्या ओसरीवर सकाळी सकाळी वेगळंच लचांड उभं राहिलं होतं. अमरसिंहच्या मातीला पाटी घेऊन विरोध करायला जो गडी आला होता, तो या घराचा एकुलता एक जावई होता. समोरच्या मारुतीच्या पारावर तो सावलीत खुर्ची टाकून बसला होता, आणि खुर्ची याच घरातून गेली होती.

"खुर्ची कुणी दिली?" फौजदारानं विचारलं.

"म्या," भाऊ म्हणाले. "जावई हाय. उभा ठिवायचा व्हय?"

"पाणी बी दिलंय," आतून चंद्रप्रभा म्हणाली. "चहा तेवढा राहिलाय. मयतीचं घर आहे, चूल पेटत नाही. नाहीतर तोही गेला असता."

चंद्रप्रभा म्हणजे भाऊंची लेक, आणि पारावर बसलेल्या अनिरुद्धरावांची बायको. तिच्या जिभेला हाड नाही, असं माहेरी सगळे म्हणत. सासरी म्हणायला कुणी उरलं नव्हतं.

अमरसिंह तिचा भाचा, थोरल्या भावाचा पोरगा. थोरला भाऊ रामकिसन मागंच गेला होता. सीमेवरच्या डोंगरात फौजेची गाडी दरीत कोसळली आणि अमरसिंहही गेला. आज दुपारपर्यंत त्याला सोलापूरवरून आणणार होते. त्याच्या येण्यासाठी गावाला एका रात्रीत रस्ता मिळाला. सुट्टीवर यायचा तेव्हा तो येडशीपासून मोटारसायकलवर चिखलात घसरत यायचा. आता डांबरावरून येणार होता. सरकारचं कसं, माणूस मेला की त्याच्या सोयीचा फार विचार करतं.

अनिरुद्धराव कळंबला नागरिकशास्त्राचे मास्तर होते. निवृत्त झाल्यावर त्यांना एक छंद लागला. कुणाचा नवरा पत्ते खेळतो, कुणाचा पहाटे उठून योगासनं करतो; चंद्रप्रभेचा नवरा परक्या फौजींच्या मयतीला जायचा. 'निर्भय विचार मंच' असं त्यांच्या टोळक्याचं नाव होतं आणि सगळा मंच एका जीपमध्ये मावायचा. पोलिसांना रीतसर कळवून ते स्मशानाच्या वाटेवर मुकाट्यानं उभे राहत. पाटीवर लिहिलेलं असे, 'पगारी मरणाला सलामी कशाला?' मुरुम गावाकडं लोकांनी त्यांचा सदरा फाडला होता. चंद्रप्रभेनं तो शिवून दिला आणि पुढच्या खेपेला डब्यात दोन भाकरी जास्त घातल्या, कारण मार खाल्ल्यावर भूक लागते. तेव्हा मयत दुसऱ्याची होती.

"साहेब, शहिदाची बेइज्जती हे गाव खपवून घेणार न्हाय," गुरुप्रसाद गरजला. हा भाऊंचा धाकटा मुलगा. त्याला जिल्हा परिषदेला उभं राहायचं होतं. वेशीत त्यानं श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला होता. त्यावर हात जोडलेला गुरुप्रसाद एवढा मोठा आणि अमरसिंह एवढा लहान होता, की परगावच्या माणसाला मेलेला नेमका कोण हे विचारावं लागायचं. "उचला त्यांना. आत्ताच्या आत्ता."

"उचलतो की. अंत्यविधीत अडथळा आणल्याचं कलम लागतंय. तक्रार कोण देणार? तुम्ही देता?"

"म्या?" गुरुप्रसादचा आवाज एकदम माणसात आला. "म्या कसा देणार, साहेब? दाजी हायत ते. उद्या सोयऱ्याधायऱ्यांत तोंड दाखवायचंय मला. मतं बी त्यांच्याकडंच हायत निम्मी."

फौजदारानं भाऊंकडं पाहिलं. भाऊ आणीबाणीत तुरुंगात गेले होते. तुळजापुरात भरसभेत एका मंत्र्याला 'बस खाली' म्हणाले, एवढाच त्यांचा गुन्हा. तेव्हापासून या घरात कुणीही काहीही बोलावं, कुणी कुणाचं तोंड धरायचं नाही, असा कायदा होता. त्यामुळं घरात सगळे बोलत आणि ऐकत कुणीच नसे.

"बोलणाऱ्याला ह्या घरानं पोलिसात दिलं न्हाय," भाऊ म्हणाले. "आन् देणार बी न्हाय."

"भाऊ, नातू तुमचा हाय," फौजदार म्हणाला.

"म्हनून तर सांगायलोय. दुसऱ्याचा असता तर सोपं हुतं." भाऊंनी काठी उगीच या हातातून त्या हातात घेतली.

मग सगळ्यांचे डोळे चंद्रप्रभेकडं वळले. "ताई, तुम्ही द्या की," फौजदार तक्रारीचा कागद काढत म्हणाला, आणि गुरुप्रसादनं लगेच मान डोलावली. लेक म्हणजे परक्याचं धन, असं म्हणून ज्यानं शेताच्या वाटणीत तिचं नाव येऊ दिलं नव्हतं, त्याला ती आज अगदी घरची वाटत होती.

"कागद खिशात ठेवा," चंद्रप्रभा म्हणाली. "आधी मी बोलते त्यांच्याशी. नवरा आहे, गुन्हेगार नाही. अजून तरी."

ती उठली तेवढ्यात माजघरातून धुरपदाबाईनं हाक मारली.

अमरसिंहची आई भिंतीला टेकून बसली होती. शेजारी त्याची बायको, शिवांजली. दोघींचं रडून झालं होतं आणि आणखी रडायचं बाकी होतं. धुरपदाबाईनं नणंदेला खाली बसवून घेतलं.

"वन्सं, अमर तुमच्या घरी शिकला. दहावीपातुर तुमच्या हातचं खाल्लं त्यानं. तुमाला लेकरू नव्हतं, म्या म्हनलं असू द्या, दोघींचा हाय. कदी कुरकुर केली का म्या?"

"नाही, वहिनी."

"आज एकच मागते. ती पाटी माझ्या लेकराम्होरं यायला नगं. ऐकायलाव का? आली, तर ह्या घराचा उंबरा तुमाला न्हाय. दिवाळी न्हाय, पंचमी न्हाय. मी मेले तरी माझ्या मातीला येऊ नगा."

अमर गेला, आता माहेर गेलं तर आपलं म्हणायला कोण उरणार, असं चंद्रप्रभेच्या मनात आलं. "येणार नाही," ती म्हणाली. "माझा शब्द आहे."

शिवांजली हळूच म्हणाली, "आत्याबाई, ह्यांनी फौजेत जायचं ठरवलं तेव्हा आतोबांनीच धावायचा सराव घेतला होता. हे सांगत होते मला." आणि तिनं तोंड फिरवलं.

चंद्रप्रभा पारावर गेली, तेव्हा मंचाचे बाकीचे सभासद मोबाईलला रेंज शोधत हिंडत होते. अनिरुद्धराव खुर्चीत ताठ बसले होते. पाटी वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर आडवी ठेवली होती.

"भाऊंनी पाणी पाठवलं," ते म्हणाले. "माणूस मोठा आहे. मतभेदाचा आदर करतो."

"मतभेदाचा नाही, जावयाचा करतोय. पाटी जीपमध्ये टाका आणि घरात येऊन बसा. आपल्या माणसासारखं."

"मी नागरिक म्हणून आलोय, चंद्रा."

"काल मोरीत नळ सोडून रडत होता, तो नागरिक कोण होता मग?"

अनिरुद्धरावांनी चष्मा काढून पुसला. "ते खाजगी होतं," ते म्हणाले. "हे सार्वजनिक आहे. मुरुमकडं त्या पोराच्या बापाला मी सांगितलं, तुमच्या मुलावर माझा राग नाही, या तमाशावर आहे. आता घरचा गेला म्हणून पाटी खाली ठेवली, तर लोक काय म्हणतील?"

चंद्रप्रभेला अशा दिवशीही हसू आलं. निर्भय विचार मंचाचा अध्यक्ष अखेर कशाला भ्यायला, तर लोक काय म्हणतील याला.

"तमाशावर राग आहे ना? मग तमाशावर लिहा. मंत्र्यावर लिहा. रात्रीत झालेल्या त्या रस्त्यावर लिहा, मी स्वतः धरते पाटी. मेलेल्या लेकराला पगारी कशाला म्हणता?"

"सौम्य लिहिलं की कुणी ढुंकून बघत नाही. आयुष्यभर फळ्यावर सौम्यच लिहिलं मी. हे टोचतं, म्हणून वाचतात."

"टोचणार कुणाला? मंत्र्याला? त्याला वाचायला सवड आहे? टोचणार आहे ते वहिनीला."

"त्यांना वाचता येत नाही," अनिरुद्धराव म्हणाले.

चंद्रप्रभा त्यांच्याकडं बघतच राहिली. एवढी वर्षं या माणसाच्या ताटात आपण तूप वाढलं, असं तिच्या मनात आलं. एक मुस्काटात द्यावी असंही आलं. पण तिला शब्द राखायचा होता, म्हणून तिनं राग गिळला आणि बाजारात घासाघीस करतात तशी सुरुवात केली. गुरुप्रसादनं कार्यक्रम ठरवला होता: आधी मानवंदना, मग अग्नी, मग बायका घरी परतल्यावर मंडपात पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं. ही भाषणं आपल्याकडं चुकत नाहीत. एक वेळ सरण ओलं निघेल, पण माईक बंद पडणार नाही.

"भाषणं सुरू होतील तेव्हा उभे राहा," ती म्हणाली. "त्याच्या आधी नाही. लेकरू समोर असताना नाही. शब्द द्या."

अनिरुद्धरावांनी विचार केला. "भाषणाला भाषणानं उत्तर," ते म्हणाले. "हे तत्त्वात बसतं. भाषणं सुरू झाल्यावरच. दिला शब्द."

चंद्रप्रभा घरी येऊन सांगती झाली, की मिटलं. मग सगळेच खूश झाले. फौजदाराला कागद वापरावा लागला नाही. भाऊंचा कायदा शाबूत राहिला. आणि गुरुप्रसादला तर एवढा उमाळा आला, की त्यानं मंडपात पुढच्या रांगेत, अगदी मधोमध, जावईबापूंसाठी गादीची खुर्ची ठेवायला सांगितली. टीव्हीवर घर एक दिसलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं होतं.

दुपारी गाडी आली. सगळं गाव रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी उभं होतं. फौजेच्या पोरांनी तिरंग्यात गुंडाळलेली पेटी खाली उतरवली, तेव्हा चंद्रप्रभेला वाटलं, एवढ्याशा पेटीत तो मावलाच कसा, झोपायचा तर पाय खाटेबाहेर काढून. ती मोठ्यानं रडली. लोक काय म्हणतील याचा विचार तिनं केला नाही.

एरवी या गावात बायका मातीला जात नाहीत. पण फौजेच्या मातीला कॅमेरे असतात, त्यामुळं शास्त्र जरा सैल झालं. शाळेच्या पटांगणात चबुतऱ्यावर पेटी ठेवली. पेटीच्या एका अंगाला जाजमावर धुरपदाबाई, शिवांजली, चंद्रप्रभा बसल्या. त्यांच्या मागं मंत्री आणि पुढाऱ्यांचं व्यासपीठ. समोर मंडप, आणि मंडपात पहिल्या रांगेत मधोमध अनिरुद्धराव. गुंडाळलेली पाटी त्यांच्या पायाशी होती. पोलिसांनी मंचाच्या बाकीच्या सभासदांना पार कठड्यापलीकडं अडवलं होतं. घरच्या जावयाची झडती कोण घेणार?

फौजेचा सुभेदार मानवंदनेची तयारी करत होता. तेवढ्यात मंत्रीसाहेब घड्याळ बघून गुरुप्रसादच्या कानाशी लागले. त्यांना पुढं लातूरकडं कसल्याशा उद्घाटनाला जायचं होतं. गुरुप्रसादनं क्षणाचाही वेळ न दवडता माईक हातात घेतला.

"साहेबांना वेळ कमी आहे," तो म्हणाला. "त्यामुळं कार्यक्रमात थोडा बदल. आधी साहेब दोन शब्द बोलतील. मानवंदना नंतर."

चंद्रप्रभेनं समोर पाहिलं. अनिरुद्धराव वाकून वर्तमानपत्र सोडत होते. तिनं मान हलवली, नाही, नाही, अशी. त्यांनी पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव होता, की भाषण सुरू झालं ना, मी तर शब्द पाळतोय.

मंत्रीसाहेब सांगत होते, की या गावाचा रस्ता आपण कसा मंजूर केला. तेव्हा अनिरुद्धराव उभे राहिले आणि त्यांनी पाटी छातीशी धरली. मागं बसलेल्या गावाला त्यांची पाठ तेवढी दिसत होती. टीव्हीवाल्यांचे कॅमेरे मंत्र्यावर होते. पाटी वाचता येत होती ती फक्त व्यासपीठावरून आणि जाजमावरून. मध्ये अमरसिंह होता.

मंत्रीसाहेबांना दिसली नाही. ते अजून भाषणातल्या रस्त्यावरच होते. गुरुप्रसादला दिसली. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं. मग पुढारी असल्याचा त्यानं आयुष्यात पहिल्यांदा काही उपयोग केला. मंत्र्याच्या पुढ्यातून माईक ओढून तो ओरडला, "अमरसिंह!" आणि सगळं पटांगण उठून म्हणालं, "अमर रहे!"

त्या गजरात धुरपदाबाई पाटीकडं बघत होती. तिनं सुनेचा हात धरला होता.

"शिवांजली, पाव्हण्यांनी काय लिवलंय गं?"

शिवांजली बीए झालेली होती. तिनं पाटीकडं पाहिलं. चारच शब्द होते, पण ती पुष्कळ वेळ बघत राहिली.

"'अमर रहे' लिहिलंय, आई," ती म्हणाली.

धुरपदाबाईनं सुनेचा हात सोडला आणि पाटीपुढं दोन्ही हात जोडले. कपाळाला लावले आणि तशीच बसून राहिली.

अनिरुद्धरावांनी ते पाहिलं. पाटी लगेच खाली आली नाही. तत्त्व होतं, ते असं पटकन कसं खाली येणार. पण त्यांचे ओठ हलले, काहीतरी सांगायचं असल्यासारखे, आणि गजरात ते कुणाला ऐकू गेलं नाही. तेवढ्यात शरणबसप्पानं मागून येऊन त्यांचं कोपर धरलं. "चला जावईबापू," तो म्हणाला, "ऊन लई हाय." माईकवरून गुरुप्रसाद सांगत होता, की घरचे जावई आहेत, त्यांना शोक अनावर झालाय, सर्वांनी वाट द्यावी. गावानं हळहळत वाट दिली. एका म्हातारीनं तर त्यांच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

मग बंदुकांच्या फैरी झाल्या, घडी केलेला झेंडा शिवांजलीच्या हातात दिला, अग्नी दिला. चंद्रप्रभेला त्यातलं नीट काही दिसलं नाही. सगळा वेळ तिच्या डोळ्यांपुढं ते जोडलेले हात होते.

दिवस कलता कलता ती शेजारच्या घरातून पिठलं-भाकरी घेऊन निघाली. मातीवरून परतल्यावर मयतीच्या घरानं पहिला घास खायचा तो बाहेरून आलेला. त्याला कडू घास म्हणतात. या घरात तो लेकीनं भरवायचा असे. पाराजवळ जीप उभी होती आणि जीपमध्ये अनिरुद्धराव.

"एकाही कॅमेऱ्यानं शूट केलं नाही," ते म्हणाले. मग म्हणाले, "वहिनींनी हात का जोडले, चंद्रा?"

"जाऊन विचारा. बोलायची मुभा आहे तुम्हाला. ऐकायचीही आहे."

ते जीपमधून उतरले नाहीत.

माजघरात धुरपदाबाई सकाळच्याच जागी बसली होती. शिवांजली झेंडा मांडीवर घेऊन डोळे मिटून पडली होती. चंद्रप्रभेनं ताट ठेवलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि तिचा हात थांबला. खरं सांगावं का? या घरात कुणीही काहीही बोलावं असा कायदा होता, आणि तिनं तो जन्मभर मनसोक्त वापरला होता. सांगितलं तर उंबरा गेला. नाही सांगितलं, तर एका लेकीसारख्या पोरीच्या खोटेपणावर माहेर राखलं. तिला स्वतःची किळस आली.

ओसरीवरून भाऊंचा आवाज आला. "जावईबापूला ताट गेलं का?"

"न्हाय गेलं," धुरपदाबाई म्हणाली. "आन् जानार बी न्हाय."

लग्न होऊन आल्यापासून ती सासऱ्याशी इतक्या मोठ्यानं कधी बोलली नव्हती. ओसरीवर काठी एकदा वाजली.

"वहिनी," चंद्रप्रभा म्हणाली, "ती पाटी..."

"मला वाचता येत न्हाय, वन्सं. दिसतं मातर समदं. ही पोरगी 'अमर रहे' म्हनली तवा तिचा हात माझ्या हातात हुता. लटलट कापत हुता."

चंद्रप्रभेच्या हातातला तुकडा हातातच राहिला. "मग हात का जोडले?"

"काय करू मग? लेकरू म्होरं निजलं हुतं. त्याच्या अंगावरनं भांडू व्हय?" धुरपदाबाईनं पदरानं डोळे कोरडे केले. "पाटीला न्हाय जोडले. पाव्हण्यास्नी जोडले. पुरं करा म्हनून."

चंद्रप्रभा रडायला लागली. धुरपदाबाईनं तिला रडू दिलं, गप्प बस म्हणाली नाही आणि जवळही घेतलं नाही.

"तुमी शब्द दिला हुता," ती थोड्या वेळानं म्हणाली. "तुमी मोडला न्हाय, मला ठावं हाय. म्हनून सांगते. पंचमीला या. दिवाळीला या. एकट्या या."

मग तिनं तोंड उघडलं, आणि चंद्रप्रभेनं तिला घास भरवला.